कार्डच गेलं तर?

ड्रॉवर आवरताना जुनं हार्डवेअर रेडचं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड सापडलं आणि शहाडचा फोटो स्टुडिओ आठवला. तिथे लग्नांचे फोटो चार डिस्कवर ठेवायचे होते. एखादी डिस्क मेली तरी फोटो वाचावेत म्हणून मी हे महागडं कार्ड नेलेलं. स्टुडिओवाले काका म्हणाले, "अरे, आणि कार्डच गेलं तर?" मी म्हटलं, "अगदी तसंच दुसरं आणायचं, त्याशिवाय डिस्क वाचता येत नाहीत." "दहा वर्षांनी मिळेल?" मी कार्ड पुन्हा पिशवीत टाकलं. मग तीच सोय कार्डाशिवाय, नुसत्या सॉफ्टवेअरने केली आणि एका लग्नाचे फोटो टाकले. काकांनी डिस्क काढल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या नि म्हणाले, "आता माझ्या जुन्या कॉम्प्युटरला लाव." दोघंही स्क्रीनला डोळे लावून बसलो. हळदीने माखलेली नवरी हसली. आज उत्सुकता म्हणून तसलंच कार्ड नेटवर शोधलं. कुठेच मिळालं नाही.