काठाशी अडलेल्या पिशव्या

सावाकाकूने एकेचाळीस वर्षं आमच्या बंदरावर मासे कापले. सुरी अशी चालायची की शेजारची म्हणायची, "काकू, 'मेलो की नाही' याचा मासा अजून विचारच करतोय!" काकू म्हणायची, "तुझ्यासारखा रिकामटेकडा असेल." कामगारणींना गरम हातमोजे मिळावेत म्हणून मी मासळीच्या कारखान्याच्या दारात धरणं धरलं, तेव्हा बर्फात माझ्या शेजारी पहिली येऊन बसली ती हीच.

तिची इझुशी अर्ध्या गल्लीत वाटली जायची. मासा, भात, गाजर, आलं थरावर थर रचून लाकडी पिंपात दगडाखाली महिनाभर आंबवायचं. एका वर्षी आरोग्य खात्याचं पत्रक आलं: मासा भिजवताना पाणी गार ठेवा, सारखं बदला, व्हिनेगर घाला. माझं डोकं फिरलं. युनियनच्या भर सभेत मी ते फाडलं. "साप्पोरो शहरातले बाबू आम्हाला इझुशी शिकवणार?" सगळ्यात जोरात टाळ्या काकूने वाजवल्या.

त्या वर्षी थंडी उशिरा आली. गुडघे धरले होते म्हणून तिने मासा भिजत घातलेली बादली अंगणाऐवजी स्वयंपाकघरात ठेवली, शेगडीजवळ. चार दिवस पाणी तेच. व्हिनेगर नाही. पिंप उघडलं तर वास नेहमीसारखा, चवही तशीच. वाटण्याआधी तिने एकटीनेच चाखली. नवरा तोकुजी बाहेरगावचा, आंबलेल्या माशाला नाक मुरडणारा.

दुसऱ्या दिवशी ती त्याला म्हणाली, "तू आज दोन कसा दिसतोस? एकच पुरे होता की!" संध्याकाळी पापण्या मिटल्या, जीभ जड झाली. मग श्वास. दवाखान्यात घशात नळी घातली, यंत्र लावलं.

डॉक्टर ओनोदेरा वयाने माझ्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, "हळू बोला, त्यांना सगळं ऐकू येतंय."

"मग हलत का नाही?"

"पेशी जे बनवते ते बारीक पिशव्यांत भरून आपल्या काठाकडे धाडते. पिशवीला अडकवायचे आकडे, काठालाही आकडे. ते गुंतले की पिशवी काठात मिसळते आणि आतला माल बाहेर पडतो. अंगभर हेच चालू असतं. मज्जातंतू स्नायूला 'हल' म्हणतो तेही असंच. इझुशीत वाढलेल्या जंतूंच्या विषाने ते आकडे कापलेत. पिशव्या भरून काठाशी उभ्या आहेत, पण उघडत नाहीत."

"मग औषध द्या! मुहूर्त बघताय का?"

"दिलं. मोकळं फिरणारं विष ते पकडतं. कापलेलं जोडत नाही."

"मग तुम्ही जोडा!"

"कुणालाच येत नाही ते. तंतूला नवे कोंब फुटतील, पण महिने लागतील. तोवर फुप्फुसांनी टिकायला हवं."

मालकांना मी नमवलंय, पोलिसांशी भांडलोय. इथे ओरडायचं कुणावर?

बाराव्या दिवशी पायाचा अंगठा हलला. "एजिरो, हलला! बघ, हलला!" तोकुजी माझी बाही ओढत होता. तेराव्या दिवशी ताप चढला. तिला खोकताच येत नव्हतं. छातीत कफ साचला होता. डॉक्टर नळीने ओढायच्या, तो पुन्हा भरायचा.

मी कानाशी वाकलो. "काकू, पत्रक बरोबर होतं. मी चुकलो."

तोकुजीने बोटाने तिची पापणी उचलून धरली. बुबुळ माझ्याकडे होतं. ती रागावली होती की मला हसत होती, चेहऱ्यापर्यंत काहीच आलं नाही. मी उभाच. शेवटी तोकुजीचा हात भरून आला आणि त्याने पापणी सोडली.

सतराव्या दिवशी काकू गेली.