मत झालं, आता एसटीनं जा

डिझेलच्या धुराचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. पुण्यात बांधकामावर राबणाऱ्या आम्हाला गावच्या निवडणुकीसाठी एका उमेदवारानं जीप पाठवून पुण्यापासून लांबच्या आमच्या उंद्री गावाला नेलं होतं. वाटेत त्याचा कार्यकर्ता माझ्या काकूला 'माय, माय' म्हणत ढाब्यावर आग्रहानं पोहे खाऊ घालत होता. मत देऊन आम्ही बाहेर आलो, तर त्यानंच जीपचं दार आतून लावून घेतलं. "मत झालं न, आता एसटीनं जा." काकू कडाडली, "आणतानी माय होती, आता रिकामं पोतं झाली का बे?" जीप आमच्या तोंडावर धूर सोडून गेली. यंदाच्या निवडणुकीला तोच कार्यकर्ता पुण्यातल्या आमच्या खोलीवर आला, "माय, चाल, गाडी आणली." काकूनं पिशवी खांद्याला लावली. "मत द्यायले तं जातोच आम्ही. एसटीनं."