ढोकेकाकांच्या बंद खिडक्या

बातमी आली तेव्हा मी ढोकेकाकांचीच नक्कल करत होते. भिलाईतल्या कोहक्यात एका बारशाला गेले होते. पाळणा म्हणून झाला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या, आणि कुणीतरी म्हणालं, "वंदनाताई, ते काकांचं करून दाखवा ना." मला आग्रह लागतो थोडाच! पदर खोचला, चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि ओरडले, "पयले खिडक्या लावा रे!" बायका हसून लोटपोट. तेवढ्यात पर्समधला मोबाइल थरथरला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर सचिवांच्या मुलानं हिंदीत, एकही शब्द जास्तीचा न घालता, लिहिलं होतं, "ढोके काका नहीं रहे." माझ्या घशात अजून त्यांचाच आवाज होता.

मनोहर ढोके म्हणजे आमच्या क्वार्टरच्या शेजारचे काका. मूळचे वर्ध्याकडचे, स्टील प्लांटच्या कार्मिक विभागात कारकून. दुसरे कारकून दुपारी डबा खाऊन डुलकी काढायचे, हे जाड इंग्रजी पुस्तक उघडायचे. त्यात अमेरिकेची राज्यघटना कशी तयार झाली त्याची हकीकत होती. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा उन्हाळा, फिलाडेल्फिया नावाचं शहर, आणि एका दिवाणखान्यात बसलेली पन्नासेक माणसं. बाहेर एक शब्द जाऊ नये म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि लोकरी कोटात घाम गाळत भांडले. काका हे अशा थाटात सांगायचे, की जणू तिथे हजेरीपट यांच्याच हातात होता. "छोटं राज्य म्हणे, मोठं आमाले गिळून टाकते. मोठं म्हणे, आमची माणसं जास्त, तर मतं कमी कावून? अन् मंग काय झालं सांग?" मी लहान होते, मला उत्तर पाठ होतं: दोन सभागृहं! एकात माणसांप्रमाणे जागा, दुसऱ्यात सगळ्यांना सारख्या. बरोबर उत्तराला एक चिक्की मिळायची. अमेरिकेची घटना चिक्कीवर शिकलेली मी भिलाईतली एकटीच असेन.

मी कॉलेजात असताना आमच्या मराठी मंडळाची घटना लिहायची वेळ आली, आणि काकांना त्यांचं फिलाडेल्फिया सापडलं. एकीकडे विदर्भातून आलेली प्लांटची मंडळी, संख्येनं भारी. दुसरीकडे रायपूर-दुर्गची पिढ्यान्‌पिढ्यांची घराणी. ती म्हणायची, आम्ही इथे आधीचे, तुम्ही काल आलात. काकांनी मे महिन्यात सभा बोलावली. सभागृहाला पत्र्याचं छत. सगळे बसल्यावर हे उठले आणि एकेक करून साऱ्या खिडक्या लावल्या. "काका, मारता का आमाले?" कुणीतरी कळवळून विचारलं. "घटना अशीच पिकते," हे म्हणाले. मी इतिवृत्त लिहायला बसले होते. त्या वहीवर शाईपेक्षा घामाचे डाग जास्त आहेत. तिसऱ्या रविवारी तोडगा निघाला. साधारण सभा संख्येप्रमाणे, सल्लागार मंडळ दोघांचं समसमान. टाळ्या!

पण त्या बंद खिडक्यांच्या बाहेर, व्हरांड्यात, किसनभाऊ बसला होता. हथखोजच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर. त्याच्यासारखी पंधरा-वीस मराठी घरं होती. गणपतीचा मांडव तेच उभारायचे, विसर्जनाला खांदा तेच द्यायचे. सभागृहाच्या लोखंडी खिडक्या तर किसनभाऊनं स्वतः बनवून बसवल्या होत्या. इतर एकाही मुद्द्यावर न जुळणारे दोन्ही गट एका गोष्टीवर चटकन जुळले: ठेकेदारीतल्या लोकांना मत नको, उद्या तेच जास्त होतील. काकांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी लिहिलं, 'इतर सभासद'. त्यांना वर्गणी, महाप्रसाद, सगळं. मत नाही. मी वहीतून मान वर करून पाहिलं, तर ते माझ्याकडे बघत नव्हते. घरी जाताना म्हणाले, "त्या लोकायनंही असंच केलं होतं, पोरी. गुलामीचं नावच नाही लिहिलं कागदावर. म्हणे, आता घटना होऊ दे, मंग पाहू." आणि जरा थांबून, "मंग आपसातच लढाई, लई महाग पडलं त्याईले."

हे ठाऊक असून त्यांनी ते केलं. एवढंच करून थांबले असते तरी... पण आपल्या कागदाची कुणी मोडतोड करू नये म्हणून त्यांनी अमेरिकेचीच कडी लावली. बदल करायचा तर तीन चतुर्थांश मतं हवीत. म्हातारपणी स्वतःच ते 'इतर सभासद'चं कलम बदलायला उभे राहिले, तेव्हा ती कडी त्यांनाच उघडेना. दोनदा ठराव पडला. "मले वाटे, बदलणारे माह्याहून मूर्ख असतीन," म्हणायचे, "म्हणून कठीण ठेवलं."

तिसरी खेप गेल्या वर्षी. या वेळी त्यांनी घरोघर जाऊन शब्द घेतला होता. सभेआधी मला म्हणाले, "ए नौटंकी, वातावरण जरा हलकं कर." मी केलं. मी त्यांनाच केलं! तो चष्मा, त्या खिडक्या, ते फिलाडेल्फिया. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. मग काका बोलायला उभे राहिले, तर प्रत्येक शब्दाला हशा. "काका, अमेरिकेचं विमान किती वाजता?" शब्द दिलेले दोघं तर हसत हसत चहाला बाहेर गेले, ते मतदान संपल्यावरच आले. ठराव दोन मतांनी पडला.

काकांनी मला कधी बोल लावला नाही. शेवटचं भेटले तेव्हा खाटेवर उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "पुढच्या सभेत तू मांड. फक्त नक्कल नको करू." आणि मी... सवयच मेली... त्यांच्याच आवाजात म्हणाले, "मांडतो ना बाप्पा!" ते हसले. खोकला येईपर्यंत हसले.

शोकसभेला सगळे जमले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सचिवांनी उठून खिडक्या लावल्या. आमच्याकडे सभा अशीच सुरू होते. मी बोलायला उभी राहिले, तर समोर काही चेहरे आधीच हसायच्या बेतात. काचेपलीकडे व्हरांड्यात किसनभाऊ बसलेला दिसला. केस पांढरे, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. मी माइक सोडून खिडकीपाशी गेले. जुनी कडी घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी ओढली, हलेना. मागे कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात काचेवर टकटक झाली आणि बाहेरून आवाज आला, "बाई, जोर नका लावू. थोडी वर उचला, मंग वढा. माह्याच हातची हाय थे."

मी उचलली.