नसलेल्या बाळाचं सांत्वन

खौला माझ्या खालच्या मजल्यावर राहते. आम्ही दोघी सीरियातल्या अलेप्पोच्या, पण ओळख झाली ती इथे स्वीडनमध्ये, माल्मोत. तिला एकच मुलगी, लयाल, सतरा वर्षांची. नवरा मुन्झिर बस चालवतो. त्याला मुलगा हवा होता, आणि तिकडे त्याच्या आईला त्याहून जास्त.

सत्तेचाळिसाव्या वर्षी खौलाची पाळी चुकली. दोन महिने गेले, तिसराही गेला. अंग मधूनच भट्टीसारखं तापायचं, झोप उडायची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करताना उगाच डोळे भरून यायचे. तिला वाटलं, दिवस गेले. मुन्झिरला सांगितलं. त्याने त्याच संध्याकाळी आईला फोन लावला.

दवाखान्यात मी सोबत गेले. दुभाषा फोनवर होता, तोही पुरुष. त्याच्यासमोर पाळीचं कसं बोलायचं म्हणून खौला मान खाली घालून बसली. उत्तरं मीच दिली. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई काहीतरी बोलल्या आणि फोनमधला आवाज अडखळला. "बाई, मूल नाही. तुमचं निराशेचं वय सुरू झालंय."

पाळी जाण्याला आमच्या अरबीत असंच म्हणतात.

परतताना खौला म्हणाली, "हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

तरी सांगितलं. मुन्झिर ओरडला नाही. फक्त आईला त्याने परस्पर कळवून टाकलं, की गर्भ पडला.

तिकडून इकडे बातमी पसरायला कितीसा वेळ? बायका सांत्वनाला येऊ लागल्या. कुणी मसुराचं सूप आणलं, कुणी खजूर. खौला शाल गुंडाळून कोचावर बसलेली, आतून अंगाची लाही होतेय. कुणीतरी तिचा हात धरून म्हणालं, "अल्ला पुन्हा देईल, लयालच्या आई."

तिने शाल ओढून काढली.

"काही पडलं नाही. माझी पाळी बंद झालीय. आता काही व्हायचं नाही."

मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, जुहैरची आई, चष्मा पुसत म्हणाली, "माझी बेचाळिसाव्यातच गेली. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं कधी." आणि उठून तिने खिडकी उघडली. बाहेर बर्फ होतं. बायकांनी कोट अंगावर ओढून घेतले, पण खिडकी लावा असं कुणी म्हटलं नाही.

मुन्झिरच्या कानावर ते गेलंच. हल्ली तो बाहेरच्या खोलीत झोपतो. सासूचे फोन येणं बंद झालंय. खौला औषध घेते. झोप लागते आता, म्हणते. पुढचं काही विचारलं, तर चहा ठेवायला उठते.