मातीच्या मशिदीची लांबलचक पन्हळ

अब्बा परवा रियाधहून रत्नागिरीला कायमचे परतणार होते, आणि त्याआधी त्यांना ‘त्यांची’ मशीद बघायची होती. त्यांची म्हणजे काय, तर चाळीसेक वर्षांपूर्वी रियाधपासून दोन तासांवरच्या एका गावात ते तिचं छप्पर दुरुस्त करायला सुतार म्हणून गेले होते. ती मशीद आपणच उभी ठेवली, हे आमच्याकडच्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकावं लागतं. आम्ही भावंडं त्यांच्या मागे बसून नुसते ओठ हलवत साथ द्यायचो.

जाणार असाल तर शुक्रवार टाळा, सकाळी सगळं बंद असतं. रियाधच्या जुन्या बाजारात, बत्ह्यात, केरळी हॉटेलात पराठा-अंडं खाल्लं, दोघांचे पंधरा रियाल, आणि सातला निघालो. शकरा गावाकडचा रस्ता सरळ नि गुळगुळीत. गाडी मी चालवत होते. अब्बांच्या काळात इथे बायका गाडी चालवत नसत, त्यामुळे त्यांचा हात दोन तास खिडकीवरच्या हँडलला.

“हळू गो बाय, मशीद पळून नाय जात.”

“पडली असली तर?”

अब्बांनी हँडल आणखी घट्ट धरलं. उगाच बोलले असं झालं मला.

पडली नव्हती. राखणदार अबू सालेह अब्बांच्याच वयाचे. त्यांनी गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर पुढे केले (पैसे विचारू नका, रागावतात) आणि मशीद दाखवली. कुणी बांधली ते कुणालाच ठाऊक नाही. मातीच्या विटा, ओंडक्यांचं सपाट छत, आणि पायऱ्या उतरून खाली आणखी एक दालन. तिथे ऊब राहते, म्हणून थंडीतली नमाज तिथे. दर पिढीने भिंती लिंपल्या म्हणून ती टिकली. पुढे लोक नव्या वस्तीत राहायला गेले, लिंपणारे हात उरले नाहीत, तेव्हा बाहेरून कारागीर आणले. त्यातच अब्बा.

ते मात्र केव्हाच बाहेर जाऊन मान वर करून फिरत होते. छतावरचं पाणी सोडणाऱ्या लाकडी पन्हळी सगळ्या हातभर, आणि एकच हत्तीच्या सोंडेसारखी पुढे आलेली.

“ती एका हिंदुस्थान्याची,” अबू सालेह हसले. “इथे वर्षाला चार सरी! त्याने आपल्या गावच्या पावसाचं माप लावलं. आम्ही किती हसलो! मध्यंतरी डागडुजीवाले आले, म्हणाले, ही जुन्या पद्धतीची नाही, काढू. मी म्हटलं, आधी भिंत बघा.”

मीही बघितली. बाकी पन्हळींखाली भिंतीचा पाया पाण्याने पोखरलेला आणि पुन्हा लिंपलेला होता. या एकीचं पाणी भिंतीपासून लांब पडत होतं आणि तिच्याखाली जुनाच गिलावा शाबूत होता.

मी अब्बांकडे बोट दाखवलं. “हाच तो हिंदुस्थानी.”

अबू सालेहांनी त्यांचं कपाळ चुंबलं. आता अब्बांचं नेहमीचं भाषण सुरू होणार म्हणून मी तयारीत उभी राहिले. अब्बा वर बघत एवढंच म्हणाले, “वीतभर जास्तच झाली गो.” मला रडू आवरेना.

परत आलो तर घरी निरोप द्यायला शेजारी जमलेले. चहा ठेवला आणि मीच सुरू झाले, “अब्बांनी उभी ठेवलेली मशीद...” मध्येच सगळे हसायला लागले. वळून बघते तर अब्बा माझ्या मागे बसून, आवाज न करता, ओठ हलवत साथ देत होते.