रिबकाबाईंचा समुद्र

रिबकाबाई नवगावकर सकाळी दहाला सेक्शनमध्ये येत, पर्स टेबलावर ठेवत आणि भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे बघून मला सांगत, "शुभा, आज पंचमी. पावणेचारला भरती." आमचं ऑफिस दिल्लीत, आर. के. पुरमला. तिथे जवळात जवळचं पाणी म्हणजे कूलरमधलं! तरी अलिबागच्या समुद्राची वेळ सांगितल्याशिवाय बाई टाइपरायटरचं कव्हर काढत नसत. भरतीची वेळ कशी काढायची तेही त्यांनीच मला शिकवलं. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ, पुढे सहा तासांनी ओहोटी.

बाई बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यानपिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी ज्यू. लग्न केलं नव्हतं. आईवडील गेलेले, भावंडं एकेक करून इस्रायलला गेलेली, अलिबागचं घरही दुसऱ्यांचं झालेलं. पण सर्व्हिस बुकात होम टाउन अलिबागच. दर वेळी एलटीसी, म्हणजे गावी जायचा सरकारी प्रवासखर्च, घेऊन त्या तिथेच जात आणि आपल्याच गावात लॉजवर उतरत. आमचे सेक्शन ऑफिसर एकदा न राहवून म्हणाले, "मॅडम, वहाँ अब है कौन आपका? होम टाउन बदल लीजिए।"

"समंदर है ना, सर," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, "पाणी वेळ सांगून येतं आणि वेळ सांगून जातं, गं. माणसांचा तसा नेम नाही."

हैफाहून धाकट्या भावाची पत्रं येत. आता तरी ये, एकटी कशी राहणार, असा प्रत्येक पत्रात धोशा. बाई पत्र वाचून ड्रॉवरमध्ये कार्बन पेपरखाली सारत आणि "बघू" म्हणत. निवृत्ती जवळ आली तशी मलाच काळजी वाटू लागली. क्वार्टर सुटणार, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि बाई आपल्या भरती सांगण्यात गर्क.

शेवटच्या एलटीसीला त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला ओढूनच नेलं. सुधीर दिल्लीत वाढलेला, समुद्र पाहिलेला फक्त सिनेमात. त्या दिवशी द्वितीया होती. सकाळी साडेसातला पाणी मागे हटलं आणि ओल्या खडकांतून आम्ही चालत समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात गेलो. बाई गुडघ्यांचं नावही न काढता पुढे. गणपतीच्या देवळापाशी त्यांनी चप्पल काढली, गोड्या पाण्याच्या विहिरीचं पाणी आम्हाला चाखायला लावलं, आणि मग तटावर जाऊन गावाकडे तोंड करून बसल्या.

नऊ वाजले. सुधीर घड्याळ बघायला लागला. "शुभा, यार, पाणी येतंय. बाईंना सांग ना."

बाईंना पाण्याची वेळ मी काय सांगणार? पण खाली वाटेवरचे खडक एकेक करून बुडत होते आणि त्या हलत नव्हत्या. शेवटी सुधीर स्वतःच गेला. "बाई, चलो ना, निघूया. रस्ता बंद होईल."

"झाला," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता संध्याकाळशिवाय नाही."

मी चिडलेच. "बाई, अहो, तुम्हाला तर ठाऊक होतं!"

"ठाऊक होतं म्हणून तर बसले." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "भावाला होकार कळवलाय, शुभा. पुढच्या महिन्यात जाते. आज इथून आपल्या पायांनी उठवेना, गं. म्हटलं, पाण्यानेच ठेवून घ्यावं एक दिवस."

एक होडी दिसली तेव्हा सुधीर हाक मारायला उठला आणि मग आपणच खाली बसला. दिवसभर आम्ही तिघं डब्यातल्या घावनांवर राहिलो. बाई किनाऱ्यावरच्या आपल्या जुन्या घराचं कौल न् कौल बोटाने दाखवत होत्या. संध्याकाळी वाट मोकळी झाली, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. परत येताना एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

हैफाहून त्यांचं पहिलं पत्र आलं. भाऊ प्रेमाने वागवतो, खिडकीतून समुद्र दिसतो वगैरे. आणि खाली लिहिलं होतं, "पण शुभा, इथल्या समुद्राला भरती-ओहोटी नावालाच. पाणी येत नाही, जात नाही. मागे हटतच नाही, त्यामुळे वाटही उघडत नाही. रोज खिडकीत उभी राहते आणि कुणाला काय सांगावं ते कळत नाही."

पत्र वाचून मी टेबलाशीच रडले. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि उत्तर लिहायला घेतलं. पहिली ओळ लिहिली, "बाई, आज द्वितीया. दीडला भरती. साडेसातला वाट उघडेल."