आमच्या घरची प्रश्नपत्रिका

आमच्या वहिनीला घरात सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. विमानतळावर प्रवाशांची मतं गोळा करणं हे तिचं काम, आणि कामाची सवय काही ती गणवेशाबरोबर उतरवून ठेवत नाही. भाजी वाढली की लगेच विचारणार, "कशी झालीये, एक ते पाचमध्ये?" माझा दादा बिचारा तोंडातला घास गिळायच्या आत "पाच" म्हणून मोकळा होतो.

कामात मात्र ती पक्की आहे. घाईतल्या माणसाला ती कधी अडवत नाही. सुरक्षा तपासणीतून सुटलेला माणूस बाकावर टेकतो, बूट चढवतो, पट्टा कमरेला लावतो. वहिनी म्हणते, त्यानंतर थोडा वेळ त्याच्याकडे कुणाचं काही मागणं नसतं, आणि तेव्हाच तो खरं बोलतो. टॅबलेट घेऊन ती तेव्हा शेजारी जाते. एकदा विचारलं की गप्प राहायचं. उत्तर सुचवायचं नाही, ऐकून तोंड वाकडं करायचं नाही, आणि "असं का?" तर मुळीच म्हणायचं नाही.

चांगला विमानतळ कशाला म्हणायचं, याची नाना उत्तरं आम्हाला जेवताना ऐकायला मिळतात. एका आजोबांना मध्ये हात नसलेल्या खुर्च्या हव्या होत्या, म्हणजे आडवं होता येईल. तान्ह्या बाळाच्या आईला गरम पाणी हवं होतं, तेही चार जणांपुढे हात न जोडता. एक फिरता विक्रेता म्हणाला, जो नंतर आठवतसुद्धा नाही तो विमानतळ चांगला. आणि एकाने सगळ्याला पाच दिले. स्वच्छता पाच, खुर्च्या पाच, खाणं पाच. वहिनी खूश. उठताना तो म्हणाला, वडील गेलेत, पोचायचंय. त्याने मान वर करून काही पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून तिचा गुणांवरचा विश्वास उडाला. माणूस विमानतळाला गुण देतच नाही, तो कुठे आणि कशाला चाललाय त्याला देतो, असं ती म्हणते.

मग माझ्या भाचीला, म्हणजे वहिनीच्या एकुलत्या एका मुलीला, परदेशात नोकरी लागली. पोरगी परत येणार की तिकडचीच होऊन बसणार, हा एकच प्रश्न घरात होता आणि तो विचारायची कुणाची हिंमत होत नव्हती. दादा उठता बसता बॅग वजनकाट्यावर ठेवायचा. मी नको तिथे विनोद करत होते. आणि जगाला प्रश्न विचारत हिंडणारी वहिनी मुकाट्याने कपड्यांच्या घड्या घालत होती. मला तिचा संताप यायचा. परक्यांच्या मनातलं काढतेस, पोटच्या पोरीचं काढताना काय झालं?

जायच्या दिवशी वहिनीने मुद्दाम कामाची पाळी बदलून घेतली. विमानतळावर दादाला आणि मला काचेच्या अलीकडेच थांबावं लागलं. ती ओळखपत्र दाखवून आत गेली. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आत काय झालं ते पाळी संपल्यावर काचेबाहेर येऊन तिने आम्हाला सांगितलं; आम्ही तिथेच थांबलो होतो. भाचीने बूट घातले, पट्टा लावला. वहिनी शेजारी बसली. मग तिने टॅबलेट उघडला.

"माझं मत घेतेस?" भाची हसली. "घे."

स्वच्छतेला तिने चार दिले, खुर्च्यांना तीन. इंटरनेटला एक, आणि तोही आईकडे बघून. दोघी हसत होत्या. शेवटचा प्रश्न वहिनीने वाचला, नेहमीच्या आवाजात, अहोजाहो करून.

"या विमानतळावर आपण पुन्हा याल का?"

भाचीचं हसू गेलं. वहिनी सवयीने गप्प राहिली.

"आई, हे तू विचारतेयस, की कामाचं आहे?"

"कामाचं," वहिनी म्हणाली.

"मग 'सांगता येत नाही' असं लिही."

वहिनीने तसं नोंदवलं.

हे ऐकून दादा काचेकडे बघत राहिला. मला मात्र राहवलं नाही. "अगं, मी विचारतेय म्हणायचंस ना. येते म्हणाली असती ती."

"तेच ना," वहिनी म्हणाली. "मला ती येते म्हणाली असती."

दिवसभर तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं, ते आता आलं. मी तिचा हात धरला. माझा सगळा संताप कुठल्या कुठे गेला होता.

"मग पुढे काय बोललीस तिला?"

"काय बोलणार? आपण वेळ दिलात, आभारी आहोत. पुढच्या प्रवासाला शुभेच्छा."